सावरलेली जुनी मस्टँग विकत घेताना

आमच्या एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीतल्या, ओक ट्री रोडवर मराठी कानावर पडलं तर कोणी वळून बघत नाही. पण याच गावात रूट वनवर २००४ पर्यंत फोर्डचा कारखाना होता आणि १९६५ ते १९७० या काळात तिथून मस्टँग बाहेर पडत होत्या, हे सांगितलं की आमच्यातले निम्मे लोक चमकतात. मलाही ते गाडी शोधायला लागल्यावरच कळलं. माझ्या गॅरेजमध्ये आज उभ्या असलेल्या १९६६ च्या दोन दारी कूपेच्या, कारखान्याने पत्र्यावर ठोकलेल्या नंबरात (पाटीवरच्या नव्हे) ‘टी’ हे अक्षर आहे. ‘टी’ म्हणजे मटचेन. कारखान्याला नाव शेजारच्या गावाचं, जागा मात्र एडिसनची. साठ वर्षं फिरून ही बाई माहेरी आली म्हणायची.

ती मिळायला तीन वर्षं आणि अकरा गाड्या लागल्या. एका गाडीपायी इसाराचे पाचशे डॉलर बुडाले, तेही पुढे सांगतो. हा लेख अशाच शोधात असलेल्यांसाठी आहे. उदाहरण १९६५-६६ च्या मस्टँगचं घेतलंय, कारण तिच्याबद्दल मी खात्रीने बोलू शकतो. पण त्या काळातली शेव्हर्ले किंवा डॉज बघायला जाल तेव्हाही बघायची पद्धत हीच.

आधी शब्दाचा अर्थ

जाहिरातीत ‘सिंपथेटिकली रिफर्बिश्ड’ असं लिहिलेलं दिसलं की माणूस हळवा होतो. नेमका अर्थ काय? आपल्याकडे काळ्या पाषाणातल्या देवळाचा जीर्णोद्धार दोन तऱ्हांनी होतो. एक तऱ्हा म्हणजे गावाने वर्गणी काढायची, शिखराला गुलाबी ऑइल पेंट द्यायचा आणि गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स बसवायच्या. दुसरी म्हणजे निखळलेला दगड परत त्याच जागी बसवायचा, गळती काढायची आणि बाकी कशाला हात लावायचा नाही. सहानुभूतीने सावरलेली गाडी ही दुसऱ्या तऱ्हेची. सडलेला पत्रा बदललेला असतो, ब्रेक नवे असतात, इंजिन उघडून दुरुस्त केलेलं असतं. पण डॅशबोर्डवरचा मूळ एएम रेडिओ तसाच असतो आणि सीटचं व्हिनाइल थोडं भेगाळलेलं असलं तरी कारखान्यातलं असतं.

बाजारात आणखी तीन जाती भेटतील. ‘सर्व्हायव्हर’ म्हणजे हातच न लागलेली. ‘काँकूर’ म्हणजे प्रदर्शनासाठी नटापर्यंत कारखान्यासारखी केलेली, जी चालवायची भीती वाटते. आणि ‘रेस्टोमॉड’ म्हणजे वरून जुनी, आतून नवं इंजिन आणि नवी सस्पेन्शन असलेली. यांतली कुठलीच वाईट नाही. फक्त एकीची किंमत देऊन दुसरी घरी येऊ नये.

म्हणून विकणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो तो हा: ‘तुम्ही काय बदललं नाहीत?’ काय बदललं याची यादी सगळ्यांना पाठ असते. काय ठेवलं आणि का ठेवलं, हे ज्याने खरंच जपून काम केलंय त्यालाच सांगता येतं. एकाने मला सांगितलं होतं, ‘स्टिअरिंग व्हीलला बारीक चीर आहे, मी भरली नाही, कारण माझ्या बापाचा हात तिथे असायचा.’ ती गाडी माझ्या बजेटबाहेर होती. नाहीतर मी तिथेच चेक फाडला असता.

पायरी पहिली: घरी बसून नंबर वाचा

मस्टँग बाजारात आली १७ एप्रिल १९६४ ला, न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात. सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर. १९६६ या एकाच मॉडेल वर्षात सहा लाखांच्या वर गाड्या झाल्या आणि त्यांतल्या पाच लाखांच्या आसपास साध्या हार्डटॉप कूपे होत्या. तेव्हा साध्या कूपेच्या जाहिरातीत ‘रेअर’ शब्द दिसला की हसून पुढे जा.

गाडीचा नंबर मागवून घ्या. १९८१ च्या आधीच्या गाड्यांना आजचा सतरा अक्षरी नंबर नसतो, त्यामुळे नेहमीच्या ऑनलाइन इतिहास-अहवालांचा इथे उपयोग नाही. मात्र या छोट्या नंबरात बरंच काही दडलेलं असतं. समजा सुरुवात ‘६टी०७सी’ अशी आहे. ६ म्हणजे १९६६. टी म्हणजे मटचेन. एफ असेल तर डिअरबॉर्न, आर असेल तर सॅन होजे. ०७ म्हणजे हार्डटॉप (पक्क्या टपाची कूपे), ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल (टप दुमडता येणारी), ०९ म्हणजे फास्टबॅक (मागे सलग उतरत्या टपाची). शेवटचं अक्षर इंजिनचं. सी म्हणजे २८९ घनइंचांचं, आपल्या हिशेबात ४.७ लिटरचं, दोन बॅरल (दोन तोंडांच्या) कार्ब्युरेटरवालं २०० हॉर्सपॉवरचं व्ही-आठ, म्हणजे आठ सिलिंडरचं. ए म्हणजे तेच चार बॅरलचं, २२५ हॉर्सपॉवर. के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं, ज्याच्यासाठी लोक वेडे होतात. आणि टी म्हणजे २०० घनइंचांचं सहा सिलिंडरचं साधं इंजिन.

या एका अक्षरावर जाहिरातीतल्या बऱ्याच थापा उघड्या पडतात. नंबरात इंजिनच्या जागी टी आहे आणि बॉनेटखाली व्ही-आठ आहे, तर इंजिन नंतर बसवलेलं. त्यात पाप काही नाही, पण व्ही-आठचा भाव द्यायचा नाही. फोटोतल्या चाकांचे नटही मोजा. कारखान्यातून सहा सिलिंडरवाल्या गाडीला प्रत्येक चाकाला चार नट आले, व्ही-आठला पाच. व्ही-आठ गाडी चार नटांवर उभी असेल तर नुसतं इंजिन टाकून काम आटोपलंय. ब्रेक आणि मागचा ॲक्सल अजून सहा सिलिंडरचाच, म्हणजे नाजूक.

दुसरी थाप ‘जीटी’ची, म्हणजे फोर्डच्या स्पोर्टी पॅकेजची. १९६६ मध्ये जीटी पॅकेज फक्त ए आणि के इंजिनांसोबत मिळायचं. ग्रिलमध्ये फॉग लँप आहेत, बाजूला जीटीचे पट्टे आहेत आणि नंबरात सी आहे, तर ते पट्टे कुणीतरी हौसेने चिकटवलेत.

तिसरी जरा नाजूक आहे: ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे गाडीवरचा आणि इंजिनवरचा नंबर एकच असणं. १९६६ च्या मस्टँगमध्ये के सोडून बाकीच्या इंजिनांवर फोर्डने गाडीचा नंबर ठोकलेलाच नाही. मग जुळवणार कशाशी? जास्तीत जास्त ओतकामाची तारीख बघता येते. ब्लॉकवर वर्षाचा आकडा, महिन्याचं अक्षर आणि दिवस असा कोड असतो. ए म्हणजे जानेवारी, असं पुढे जायचं. ‘आय’ मात्र वगळलेला, म्हणून ऑगस्ट एच आणि सप्टेंबर जे. ही तारीख गाडी बनल्याच्या तारखेच्या थोडी आधीची असली तर इंजिन मूळचं असण्याची शक्यता आहे, एवढंच म्हणता येतं. ‘सी’ गाडीचे नंबर मॅच होतात असं छातीठोक सांगणारा एक तर अज्ञानी असतो किंवा तुम्हाला तसं समजतो.

ड्रायव्हरच्या दरवाज्यावर एक पातळ पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर बॉडी, रंग, आतली सजावट, तारीख, ॲक्सल आणि गिअरबॉक्सचे कोड असतात. ६५ए म्हणजे साधी सजावट, ६५बी म्हणजे सीटच्या पाठीवर दौडणारे घोडे असलेली. रंगाच्या जागी एम असेल तर गाडी जन्माला आली ती विंबल्डन व्हाइट या रंगात. समोर लाल दिसत असेल तर का बदलला ते विचारा. पण या पट्टीवर आंधळा विश्वास नको, कारण हवे ते कोड ठोकून नवी पट्टी विकत मिळते. खरा नंबर ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. बॉनेट उघडलं की बाहेरच्या मडगार्डच्या कडेला त्यासाठी खाच ठेवलेली दिसते. तिथला नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षर न अक्षर जुळायला हवा.

पायरी दुसरी: फोनवर

फोन थोडक्यात आटपा. तीनच गोष्टी हव्यात. काम चालू असतानाचे फोटो आहेत का, बिलं आहेत का, आणि मी येईन तेव्हा इंजिन थंड ठेवाल का. फोटो नसतील तर ‘सगळा पत्रा नवा टाकलाय’ या वाक्याला किंमत नाही. रंग लावल्यावर नवा पत्रा आणि लांबी (पुट्टी) भरलेला सडका पत्रा सारखेच चमकतात.

पायरी तिसरी: पत्रा, पत्रा आणि पत्रा

सोबत न्या: जुने कपडे, टॉर्च, छोटा आरसा, मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि दोन लिटर पाण्याची बाटली. चारशे रुपयांच्या चुंबकाने माझे हजारो डॉलर वाचवलेत. रंगाची जाडी मोजणारं यंत्र असेल तर उत्तम. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक मिल. कारखान्याचा रंग चार-सहा मिल भरतो, पुन्हा रंगवलेला आठ-बारा. आकडा त्याच्या कितीतरी वर गेला तर तिथे लांबी आहे. मागच्या चाकांच्या वरची कमान आणि दरवाज्यांच्या खालच्या कडा इथे आधी लावून बघा.

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी आहे. म्हणजे जमिनीचा पत्रा सडला तर नुसतं पायाखालचं भोक नसतं, गाडीची कंबर मोडलेली असते. म्हणून गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा. जवळच्या टायरवाल्याला वीस-तीस डॉलर दिले की तो घेतो. खालून पुढच्या आणि मागच्या रेल, म्हणजे बॉडीला ताठ ठेवणाऱ्या लांब पोकळ पत्र्याच्या पट्ट्या, बघा. कारखान्याचे स्पॉट वेल्ड म्हणजे ओळीने पडलेल्या देवीच्या व्रणांसारख्या गोल खळ्या. नंतरचं वेल्डिंग म्हणजे मण्यांची वळवळती रेघ. रेघ असणं वाईट नाही. रेघ सरळ, घासून साफ केलेली आणि आतून रंगवलेली असेल तर मिस्त्री चांगला होता. पण सगळीकडे ताजं काळं डांबरी कोटिंग फासलेलं असेल तर मी सरळ विचारतो, ‘याच्याखाली काय आहे?’ चांगलं काम केलेला माणूस ते दाखवायला आतुर असतो, झाकायला नाही.

बॉनेटखाली दोन्ही बाजूंना शॉकॲब्झॉर्बर धरणारे उंच पत्र्याचे मनोरे आहेत. त्यांच्या बुडाशी, सस्पेन्शनच्या वरच्या हाताच्या आसपास, केसासारख्या चिरा शोधा. मग उजव्या कोपऱ्यात बॅटरी. साठ वर्षांत तिथे किती ॲसिड सांडलं असेल! बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा चाळणी झालेला नसेल तर तो बदललेला आहे असंच समजा. डिकीत चटई उचला. पेट्रोलची टाकी वरून सोडून बसवलेली असते आणि तिचा माथा हाच डिकीचा तळ असतो. टाकीच्या दोन्ही बाजूंना, चाकांकडे उतरणाऱ्या खोलगट भागात, पाणी साठून पत्रा कुजतो.

आता काऊल. माझे पाचशे डॉलर इथे गेले.

पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागे, बारीक फटींची जाळी दिसते. बाहेरची हवा तिथून आत येते. जाळीखाली एक बंद पेटी आहे आणि पेटीच्या तळाला डावी-उजवीकडे एकेक उंच गोल कडा, टोपीसारखी. पाणी या कडांच्या बाहेरून दोन्ही बाजूंना वाहून जावं, हवा कडांमधून आत जावी, अशी योजना. पण त्या पेटीत झाडाची पानं साठतात, पानं ओली राहतात, आणि टोपी बुडापासून सडते. बाहेरून काहीच दिसत नाही. पाऊस पडला की पाणी थेट पायावर.

मी पहिल्यांदा बघितलेली गाडी लाल होती, पेनसिल्व्हेनियातल्या एका गृहस्थाकडे. आत करकरीत नवं कार्पेट. मी खूश होऊन इसार देऊन आलो. पुढच्या आठवड्यात न्यायला गेलो तेव्हा सोबत एक म्हातारे मेकॅनिक होते, माझ्याच गल्लीतले. त्यांनी काही न बोलता बाटलीतलं पाणी काचेखालच्या जाळीत ओतलं, सावकाश, देवाला अभिषेक करावा तसं. मग मला म्हणाले, ‘आत वाक आणि थांब.’ मी डॅशबोर्डखाली टॉर्च धरून बसलो. अर्धा मिनिट काही नाही. मग हीटरच्या पेटीच्या कडेने एक थेंब सरकत आला, टोकाला थांबला, फुगला, आणि नव्या कार्पेटवर टप्पकन पडला. त्याच्यामागे दुसरा. कार्पेटचा कोपरा उचलला तर खाली चिकटवलेल्या पत्र्याच्या तुकड्याच्या बाजूने बोट आरपार जात होतं. मालक म्हणाले, ‘पावसात कोण चालवतं ही गाडी?’ इसार परत द्यायचा विषय त्यांनी काढला नाही. मीही फार ताणलं नाही. शिकवणीची फी समजलो.

हे काम एवढं महाग का, तर पेटीचा वरचा पत्रा काढण्यासाठी शेकड्यांनी स्पॉट वेल्ड ड्रिलने एकेक करून सोडवावे लागतात. त्याआधी मडगार्ड, बॉनेट सगळं उतरवायचं. टोपी दीडशे डॉलरच्या आत मिळते, मजुरी हजारोंनी. म्हणून काही जण आतून प्लास्टिकची टोपी सिलिकॉनने चिकटवतात. ती दोन पावसाळे काढते. तेव्हा पाण्याची परीक्षा मालकाची परवानगी घेऊन कराच. ‘नको’ म्हणाला तर उत्तर मिळालं.

आणि सडकं नसेल, व्यवस्थित दुरुस्त केलेलं असेल, तर त्या माणसाकडे काऊल उघडल्याचे फोटो नक्की असतात. एवढं काम करून फोटो न काढणारा अजून मला भेटलेला नाही.

पायरी चौथी: मूळ काय उरलंय

मूळ रंग शोधायला दरवाज्याच्या उंबऱ्यावरच्या ॲल्युमिनियम पट्टीखाली आणि डॅशबोर्डच्या मागे बघा. रंग बदलला आणि तिथेही नवाच रंग आहे, तर गाडी पूर्ण उघडून काम झालं. तिथे जुना रंग असेल तर नुसतं वरवरचं.

आत बसल्यावर डॅशबोर्ड कापलेला नाही ना, ते पाहा. आधुनिक स्टिरिओसाठी रेडिओच्या जागी करवत चालवलेली असते आणि दरवाज्यांत स्पीकरची भोकं पाडलेली असतात. ते परत सांधता येत नाही. याउलट डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली पॉइंट्सच्या (ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या संपर्कांच्या) जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्युल बसवलंय आणि जुने पॉइंट्स डब्यात जपून ठेवलेत, तर मालक शहाणा. माझी कसोटी एवढीच: हा बदल एका रविवारात उलटवता येईल का? येत असेल तर माफ.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी मूळपणाचा हट्ट धरत नाही. १९६६ पर्यंत या गाड्यांना एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर होता. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७ पासून दोन कप्पे आले. साध्या गाड्यांना पुढच्या चाकांनाही ड्रम ब्रेकच होते. कुणी दुहेरी मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क बसवून घेतली असेल तर ‘मूळ नाही’ म्हणून भाव पाडू नका, उलट हात जोडा. सीटबेल्टच्या पट्ट्यांचंही तसंच. मूळचे फक्त कमरेचे. खांद्याचे पट्टे नीट मजबुतीकरण करून बसवलेले असतील तर चांगलंच. ब्रेक ड्रम उघडून बघायचे असतील तर आतली धूळ फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे.

पायरी पाचवी: इंजिन थंड असताना

गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर चहा प्यायला निघून जा आणि दोन तासांनी या. थंड इंजिन सुरू करताना सायलेन्सरमधून निळा धूर भसकन येऊन थांबला तर व्हॉल्व्हची सीलं गेलीत, जी स्वस्तात होतात. चालताना निळा धूर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. पांढरा धूर आणि तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल तर पाणी तेलात उतरतंय. सगळ्या आठ सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती आहे यापेक्षा आठही जवळपास सारखे आहेत का हे महत्त्वाचं. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर भाव तिथूनच बोलायला लागतो.

ऑटोमॅटिक असेल तर तो सी-फोर नावाचा तीन गिअरचा बॉक्स. गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून तेलाची काडी काढा. लालसर आणि बिनवासाचं हवं. तपकिरी, करपलेला वास आला तर आतले क्लच जळालेत.

पेट्रोलच्या नळ्या दाबून बघा. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि साठच्या दशकातलं रबर त्याने मऊ पडतं, मग तडकतं. भारतात वीस टक्के इथेनॉलवरून जी चर्चा चालते ती ऐकून मला नेहमी या नळ्या आठवतात. सगळ्या नव्या घातल्याचं बिल असेल तर एक काळजी मिटली.

टायरची नक्षी बघून फसू नका. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. वर्षाला तीनशे मैल चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी कधीच झिजत नाही. रबर मात्र दहा वर्षांत दगड होतं.

पायरी सहावी: चालवून बघा

आजच्या गाडीची सवय असलेल्याला पहिली पाच मिनिटं धडकी भरते. स्टिअरिंगला बोटभर प्ले (ढिलेपणा) असतो, वळण घेताना गाडी बैलगाडीसारखी कलते, ब्रेकला जोर लागतो. हे दोष नाहीत, ते वय आहे. दोष ओळखायचे ते असे: ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढणं, पॉवर स्टिअरिंग असेल तर गाडीखाली तेलाचा डाग, हीटर लावल्यावर गोडसर वास, कारण तो कूलंटचा असतो. खड्ड्यावरून जाताना दरवाजे करकरले तर उतरून दरवाज्यांच्या फटी पुन्हा बघा. वर रुंद, खाली अरुंद अशी फट म्हणजे बॉडी कुठेतरी बसलीय.

पायरी सातवी: कागद आणि पैसा

विकणारा न्यूयॉर्कचा असेल तर टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, नाही म्हणून घाबरू नका. न्यूयॉर्क राज्य १९७२ आणि त्याआधीच्या गाड्यांना टायटल देतच नाही. हस्तांतर करता येणारी नोंदणी हाच तिथे मालकीचा कागद. न्यू जर्सीचा विक्रेता मात्र ‘टायटल हरवलंय, तुम्ही काढून घ्या’ म्हणाला तर ‘तुम्ही काढा, मग मी येतो’ एवढंच म्हणा. इथे नाव चढवताना ६.६२५ टक्के विक्रीकर भरावा लागतो, तो बजेटमध्ये धरा. पंचवीस वर्षांवरच्या गाडीला ‘क्यूक्यू’ने सुरू होणारी ऐतिहासिक नंबरपाटी मिळते आणि तपासणीची कटकट जाते. पण ती प्रदर्शनं, मेळावे अशा वापरासाठी आहे. रोज ट्रेन स्टेशनला गाडी नेणार असाल तर साधी पाटी घ्या.

विमा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा काढा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरलेली. साध्या पॉलिसीत अपघातानंतर कुणीतरी साठ वर्षांचा घसारा काढत बसेल.

भावाचं म्हणाल तर कूपे सगळ्यांत आवाक्यातली, कन्व्हर्टिबल तिच्या वर, फास्टबॅक सगळ्यांत महाग. माझी मर्यादा पंचवीस हजार डॉलरची होती, म्हणून कूपे. घासाघीस करताना गाडीला नावं ठेवू नका. त्या माणसाने तिच्यात वर्षं घातलेली असतात. चुंबक कुठे चिकटलं नाही, कोणत्या सिलिंडरचा आकडा कमी आला, टायर कोणत्या सालचे आहेत, हे कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा. माझ्या गाडीच्या मालकाने कागद वाचला, चष्मा पुसला आणि टायरांचे आठशे डॉलर स्वतःहून कमी केले.

आईने विचारलंच, ‘भारतात आणणार का?’ डाव्या हाताचं स्टिअरिंग, जहाजाचं भाडं, सीमाशुल्क आणि कागदपत्रं बघता मी तिला म्हटलं, त्यापेक्षा तू इकडे ये. वडिलांनी मात्र फोनवर फोटो बघून वालचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवलेल्या डॉज आणि प्लीमथ आठवल्या. त्यांच्या लहानपणी मुंबईत त्या टॅक्सी म्हणून धावायच्या.

घरी आणल्यावर

पहिल्या महिन्यात लांब जाऊ नका. इंजिन तेल बदला, आणि झिंकचं प्रमाण जास्त असलेलं घ्या. या इंजिनाचा कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत चालतो आणि आजच्या साध्या तेलात त्याला पुरेसं संरक्षण मिळत नाही. ब्रेकचं तेल, कूलंट, गिअरबॉक्सचं तेल, सगळे पट्टे आणि होज बदला, आधीच्या मालकाने बदलले असले तरी. अग्निशामक नळकांडं ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवा. बॅटरीला एक स्विच बसवा आणि गाडी उभी केली की तो बंद करा. जुन्या वायरिंगचा भरवसा नाही.

काचेखालच्या जाळीतली पानं मी दर शनिवारी व्हॅक्युमच्या बारीक नळीने ओढून काढतो. आमच्या ड्राइव्हवेवर मेपलचं झाड आहे. बायको म्हणते झाड कापू. मी गाडीवर ताडपत्री टाकतो.